विचारायचं कुणाला?

नमस्कार मैत्रिणींनो. आणि रेडिओ लावून ठेवून 'आम्ही काही ऐकत नाही' असं दाखवत ओसरीवर बसलेल्या दादांनो, तुम्हालाही नमस्कार.

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि चहा उकळेपर्यंत आमच्यातल्या एका धाकट्या सुनेनं मोबाइल पुढं केला. त्यावर एक जाहिरात होती. 'इंटिमसी कोच' म्हणे. नवरा-बायकोतली जवळीक कशी वाढवायची ते शिकवणार, तासाला अमुक रुपये. तिनं विचारलं, "ताई, हे खरं असतं का?" गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, आता ह्याचीबी शिकवणी?" सगळ्या पोट धरून हसल्या. आम्हीही हसलो. चहा आला आणि विषय तिथंच राहिला.

कप विसळायला मात्र ती सून मागं थांबली. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा जवळ आला की अंग लाकडासारखं ताठ होतं, दुखतं, रडू येतं, असं तिनं नळाकडं तोंड करून सांगितलं. नवरा वाईट नाही. तो आता कूस बदलून झोपतो. सासू 'पाळणा कधी' विचारते. आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटातून तिनं घेतलेलं आठ हजारांचं कर्ज, आमच्या वहीत 'घरदुरुस्ती' म्हणून लिहिलेलं, ते घराला लागलंच नव्हतं. बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून बसणाऱ्या एका 'गॅरंटी'वाल्याला ते गेलं होतं. त्यानं नवऱ्याला पुड्या दिल्या, हिला काढा दिला आणि पुढच्या बाजाराला तंबूच हलला.

त्या कर्जावर आमची सही आहे. घराची कुठली भिंत पडली, कौलं किती लागली, हे आम्ही विचारलं नाही, कारण हप्ता वेळेवर येत होता. ही गोष्ट तिला विचारून सांगतो आहोत. गाव आणि नाव सांगणार नाही.

आमचं बी.ए. इतिहासात झालं. पदवीचा उपयोग आजवर बहुतेक अर्ज लिहिण्यापुरताच झाला. पण त्या रात्री एक नाव आठवलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली. जे वाचलं ते आज सांगायचं आहे. कारण ही 'शिकवणी' आपल्याकडं आज-काल आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी ती मराठीत सुरू झाली होती, आणि ती चालवणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता.

त्याच्याही थोडं आधीपासून सुरुवात करू. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. रानडे तिशी ओलांडलेले. पहिली बायको वारलेली, सुधारक मित्रांची अपेक्षा होती की ते विधवेशी लग्न करतील. वडिलांपुढं त्यांचं चाललं नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली. बायकोला शिकवायला बसवलं. घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. रमाबाईंनी पुढं १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यात हे सगळं आहे. दिवसा नवऱ्याशी चारचौघांत बोलायची सोय नाही, नाव घ्यायचं नाही, समोर बसायचं नाही. त्या काळात एकत्र वाचण्याच्या निमित्तानं दोन माणसं एकमेकांशी बोलू लागली. वयातलं अंतर, तो गुरू आणि ती शिष्या, हे सगळं होतंच. तरी बोलणं होतं. आमच्या आजी सांगतात, त्यांच्या लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यांनी नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला नव्हता. कंदील विझल्यावरच भेट.

त्याच मुंबई इलाख्यात दुसरी एक मुलगी होती, रखमाबाई. तिचंही लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी. ती सावत्र वडिलांच्या, डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, वाचत राहिली आणि मोठी झाल्यावर म्हणाली, मी नांदायला जाणार नाही. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. दाव्याचं कायद्यातलं नाव 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना'. खाली तिच्या बाजूनं निकाल लागला, अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, दोन हजार रुपये. मग ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरतेत बायकांचे इलाज करत राहिली.

दोन हजार रुपये. १८८८ चे. आमच्या बैठकीत हा आकडा सांगितला तेव्हा खजिनदार बाईंनी लगेच आजच्या पैशांत हिशोब मांडायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

खटला चालू असताना, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली होती, बालविवाहावर आणि बायकांना घरात कसं कोंडलं जातं त्यावर. खाली सही होती 'एक हिंदू स्त्री'. नाव नाही. जे तोंडानं सांगता येत नाही ते निनावी लिहून पाठवायचं, ही आपल्या बायकांची जुनी वाट आहे. ती पुढं पुन्हा पुन्हा दिसेल.

आता त्या गणिताच्या प्राध्यापकाकडं येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव, जन्म १४ जानेवारी १८८२. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा. वडिलांनी दोन वर्षांनी विधवेशी लग्न केलं, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मुलगा मॅट्रिकला पहिला आला, गणित शिकला, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागला, पुढं पॅरिसला जाऊन आला. एवढ्यावर थांबता तर एक सुखवस्तू प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला असता.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागं नव्हती. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक आलं. त्या काळात या गोष्टी बोलणाऱ्या प्राध्यापकाला मिशनरी कॉलेजात कोण ठेवणार? नोकरी सोडावी लागली, १९२५ मध्ये. मग १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं आणि ते १९५३ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, चालवलं. मुखपृष्ठावर उघड्या बाईचं रेखाचित्र. आत शरीर, आरोग्य, लग्न, गुप्तरोग, गर्भ कसा राहतो, कसा टाळायचा आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरं.

ही उत्तरं आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. त्या काळचा एक लग्न झालेला मास्तर किंवा कारकून डोळ्यांपुढं आणा. बायको आहे, प्रश्न आहे, शरम आहे. वडिलांना विचारणार? बुवाला? गावातल्या वैद्याला विचारलं तर तो संध्याकाळी पारावर सांगणार. त्यानं एक पोस्टाचं पाकीट घेतलं, प्रश्न लिहिला आणि मुंबईला पाठवला. महिन्यानं छापील उत्तर आलं, साध्या मराठीत, न रागावता, पापाचं नाव न घेता. हस्तमैथुनानं माणूस वेडा होतो का, असल्या प्रश्नांनाही कर्वे सरळ शास्त्रातलं उत्तर देत. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्याची पहिली पायरी हीच आहे: विचारणाऱ्याला लाज न आणता ऐकणं आणि जे माहीत आहे ते स्पष्ट सांगणं.

आणखी एक गोष्ट ते त्या काळात सांगत होते, जी आजही आमच्या बैठकीत काढली तर अर्ध्या जणी पदर तोंडाला लावतात. बाईलाही कामसुखाची इच्छा असते आणि तिला ते मिळणं हा तिचा हक्क आहे. ज्या समाजात बाईच्या शरीराबद्दल फक्त 'विटाळ' आणि 'वंशाचा दिवा' एवढे दोनच शब्द होते, तिथं हे छापायला छाती लागते.

कोर्ट लागलंच. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड. पुन्हा १९३४ मध्ये पकडलं, आणि या वेळी कारण होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा होऊन गेलेल्या, पुणे करार होऊन गेलेला, देशभर नाव झालेलं. अशा माणसानं हा 'घाणेरडा' समजला जाणारा खटला हातात घ्यायचं कारण काय? त्यांचं म्हणणं असं मांडलं गेलं आहे की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर खरी माहिती देऊनच ते सुटतील. कोर्टाला पटलं नाही. दंड झाला, या वेळी दोनशे रुपये.

हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या गटातल्या निम्म्या घरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. दर चौदा एप्रिलला आम्ही त्यांच्यावर भाषणं ऐकतो. शिक्षण, संविधान, पाणी, आरक्षण सगळं ऐकलं. हा खटला कुठल्याच भाषणात ऐकला नव्हता. एक ताई म्हणाली, "म्हंजे त्यांनी आपल्या ह्या गोष्टीसाठीबी कोर्टात उभं राहून भांडलं?" हो ताई. हरले, पण भांडले.

मालतीबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. रघुनाथरावांच्या पत्नी. मूल न होऊ देण्याचा या जोडप्याचा निर्णय होता. नोकरी गेली, मासिक कधी नफ्यात नाही, लोक तोंडावर बोलत, आणि या बाईनं सव्वीस नव्हे तरी कित्येक वर्षं तो संसार ओढला. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' नावाचा सिनेमा काढला, त्यात सीमा बिस्वास मालतीबाई झाल्या आहेत. आम्ही तो केंद्रातल्या लॅपटॉपवर दाटीवाटीनं बसून पाहिला. बायकांची चर्चा कर्व्यांवर कमी आणि मालतीबाईंवर जास्त झाली. जगाला जवळीक शिकवणाऱ्याच्या घरात बायकोच्या मनातलं कुणी विचारलं असेल का? सिनेमा हा सिनेमा असतो, तो पुरावा नाही. पण प्रश्न खोटा नाही. कर्वे फार तर्कानं चालणारे होते; शरीराबद्दल त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी लिहिलं नाही, पण मन तर्कानं चालत नाही तेव्हा काय करायचं, यावर त्यांचं लिखाण आम्हाला थोडं कोरडं वाटलं. मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. आम्हाला वाटलं ते सांगितलं.

याच सुमाराला दुसऱ्या टोकाला गांधीजी होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. साधनं वापरून कुटुंब लहान ठेवा, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींचं म्हणणं, संयम पाळा. बायकांनी नवऱ्याला 'नाही' म्हणायला शिकावं. दोघांचं जमलं नाही. कर्वे ब्रह्मचर्याच्या या उपदेशावर तुटून पडत. आमच्या मते कर्व्यांचं बरोबर होतं. पण 'नाही' म्हणता येणं, हा मुद्दा मात्र आम्ही गांधीजींकडून ठेवून घेतला. कारण जिला 'नाही' म्हणता येत नाही तिचं 'हो' कसं ओळखायचं? आज २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात नवऱ्याकडून होणारा लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. आणि रखमाबाईंवर लावलेला तो 'पुनःस्थापने'चा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून बसलेला आहे. दोन्ही एकाच देशात.

१९३७ मध्ये प्रभातचा 'कुंकू' आला. थोरल्या बायकांनी टीव्हीवर पाहिला असेल. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. भांडत नाही, पळत नाही, नुसती 'नाही' म्हणते. शांता आपटे यांनी ते काम असं केलंय की आजही अंगावर काटा येतो. त्या सिनेमात म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीचं काम करणाऱ्या बाई होत्या शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांच्या कन्या, केंब्रिजला गणित शिकलेल्या. (हे गणित आणि हा विषय यांचं काय नातं आहे कोण जाणे.) सिनेमानंतर लगेच, १९३८ पासून, त्यांनी पुण्यात संततिनियमनाचं काम हातात घेतलं. रघुनाथ कर्व्यांच्या वाटेनंच, पण बाई असल्यामुळं बायका त्यांच्याशी मोकळं बोलत. पुढं त्या राज्याच्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, तिथंही हाच विषय लावून धरला. १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. सई परांजपे त्यांच्याच कन्या.

पुढं सरकारचं कुटुंब नियोजन आलं. लाल त्रिकोण, 'हम दो हमारे दो', शस्त्रक्रियेची शिबिरं. यात एक विचित्र गोष्ट झाली. कर्वे बोलत होते सुखाबद्दल आणि आरोग्याबद्दल. सरकार बोलू लागलं आकड्यांबद्दल. जवळीक, इच्छा, दुखणं, भीती, हे सगळं गळून पडलं आणि टार्गेट उरलं. त्यातही भार कुणावर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरामागं सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीवर भागलेल्यांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही, ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया साधी, टाक्याशिवायची, त्याच दिवशी घरी जाता येईल अशी. तरी हा आकडा. दादांनो, ऐकताय ना?

'कोच' लोक नक्की काय शिकवतात, हे आता सांगतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात आहे. विल्यम मास्टर्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि व्हर्जिनिया जॉन्सन या त्यांच्या सहकारी. १९५७ पासून त्यांनी एकत्र काम केलं. १९७० मध्ये त्यांचं जे दुसरं मोठं पुस्तक आलं त्यात उपचाराची पद्धत होती. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, बिघाड नवऱ्यात की बायकोत हे शोधणं सोडलं. जोडप्यालाच पेशंट मानलं आणि त्यांच्याशी बोलायला एक बाई आणि एक पुरुष असे दोघं बसू लागले. दुसरी गोष्ट ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या चकित झाल्या. सुरुवातीला त्यांनी शरीरसंबंधच बंद करायला सांगितले. पहिले काही दिवस फक्त स्पर्श. हात, पाठ, केस, पाय. छाती आणि खालचे अवयव सोडून. आज मी तुला, उद्या तू मला. आणि ज्याला स्पर्श होतोय त्यानं एवढंच सांगायचं, हे बरं वाटतं, हे नको. मग हळूहळू पुढं.

याचा उपयोग का होतो, ते कळायला डॉक्टर लागत नाही. परीक्षेला बसलेल्या पोराच्या मागं मास्तर येऊन उभा राहिला की त्याला येणारं गणितही चुकतं. पुरुषाला 'आज जमेल का' याची धास्ती, बाईला 'आज दुखेल' याची. भीतीनं योनीचे स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी भीती वाढते. परीक्षाच रद्द केली की अंग सैल पडतं. आणि रोज दहा-पंधरा मिनिटं 'हे बरं, हे नको' म्हणायची सवय लागली की बाकीचंही बोलता येऊ लागतं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉक्टर प्रकाश कोठारी यांनी या शाखेचा विभाग चालवला. मराठीत डॉक्टर विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' कित्येक घरांत कपाटाच्या मागच्या फळीवर आहे. मुंबईचेच डॉक्टर महिंदर वत्स. आधी बायकांच्या मासिकात आरोग्याची उत्तरं द्यायचे. तिथं आलेली पत्रं वाचून लोकांना किती कमी माहीत आहे ते त्यांना दिसलं, आणि कुटुंब नियोजनाच्या संस्थेत त्यांनी लैंगिक शिक्षणाचा आणि समुपदेशनाचा आग्रह धरला. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, एका इंग्रजी दैनिकात त्यांचं प्रश्नोत्तरांचं सदर सुरू झालं आणि २०२० मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते गेले तोपर्यंत लोक त्यांना विचारत होते. पुन्हा तेच: पत्र, निनावी, उत्तर.

कुणी म्हणेल, ही सगळी शहरातली माणसं. तर गडचिरोलीला चला. डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता. त्याआधी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या होत्या शंभरात जेमतेम आठ. बाकीच्या अंगावर पांढरं जात असताना, कंबर मोडत असताना, जवळ येणं नकोसं होत असताना गप्प होत्या. राणीताईंनी बायकांच्या बोलीतले शरीराचे शब्द, समजुती, भीती सगळं टिपून ठेवलं. 'कानोसा' हे त्यांचं पुस्तक ज्यांना मिळेल त्यांनी वाचाच. आम्ही ते तीन दिवसांत संपवलं आणि लक्षात आलं की ज्याला नवरे 'ही थंड आहे' म्हणतात, त्यात कित्येकदा साधा न तपासलेला आजार असतो.

म्हणून त्या सुनेला आम्ही आधी तपासणीला नेलं. मोबाइलवरच्या कोचकडं नाही. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं कुठली परीक्षा लागत नाही. चांगला मिळेलही, पण तंबूवाला आणि तो यांतला फरक जाहिरातीवरून कळत नाही. पदवी विचारा. डॉक्टर आहे का, मानसशास्त्र शिकला आहे का. पहिल्याच दिवशी पुड्यांचा डबा पुढं करतो का. एकट्या बाईला बंद खोलीत बोलावतो का. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ असतात, जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशक असतात. मनावर फार ओझं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. मार बसत असेल, जबरदस्ती होत असेल तर १८१. तिथं जवळीक वाढवायचे उपाय करायचे नसतात, आधी तिथून बाहेर पडायचं असतं.

तिच्या तपासणीत आजार निघाला नाही. समुपदेशक बाईंनी तेच सांगितलं जे वर सांगितलं: दुखणं खरं आहे, अंग भीतीनं आवळतंय. नवऱ्याला बोलावून घेतलं. तो पहिल्यांदा आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा म्हणाला, रोजगार बुडतो. खरंही असेल. पण पहिल्या खेपेला त्यानं एक सांगितलं, जे ती चार वर्षांत ऐकू शकली नव्हती. त्याला वाटत होतं, तिला तो आवडत नाही. लग्न घरच्यांनी ठरवलं, तिचं मन दुसरीकडं असेल, म्हणून तो कूस बदलून झोपायचा. त्याच्या मनानं तो तिच्यावर उपकारच करत होता.

आता ते रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसतात. ती त्याच्या डोक्याला तेल लावते, दुसऱ्या दिवशी तो तिच्या पायांना लावतो. सासूनं बघितलं आणि 'जगबुडी आली' म्हणाली. बाकी पुढचं जमलं का, हे आम्ही तिला विचारलेलं नाही. सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

आठ हजारांपैकी पाच हप्ते राहिले आहेत. गटानं ठरवलं की व्याज घ्यायचं नाही. यावर दीड तास भांडण झालं. दोघी म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, उद्या प्रत्येक जण अशीच कारणं सांगेल. त्यांचंही चुकीचं नव्हतं. शेवटी हात वर करून मतं घेतली, नऊ विरुद्ध दोन. आणि वहीत 'घरदुरुस्ती'च्या जागी आता 'औषधपाणी' लिहिलंय, तिच्या परवानगीनं, आमच्या सहीनं.

आपल्या रेडिओ केंद्राच्या दाराशी, चपला काढतो तिथं डाव्या हाताला, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. झाकणाला चीर पाडली आहे. प्रश्न लिहून टाका. नाव लिहू नका, गाव लिहू नका. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घेऊ नका. आमच्यापैकी कुणालाही सांगा, आम्ही लिहू आणि विसरून जाऊ. मागच्या आठवड्यात डबा उघडला तेव्हा सात चिठ्ठ्या निघाल्या. चार बायकांच्या अक्षरातल्या वाटल्या, दोनांचं सांगता येत नाही. सातवी एका पुरुषाची आहे, हे त्यानंच लिहिलंय. त्याचा प्रश्न एका ओळीचा आहे: बायकोला काय आवडतं हे तिला कसं विचारायचं, ती हसेल का?

दादा, पुढच्या गुरुवारी दुपारी दोनला रेडिओ लावा. डॉक्टर ताई येणार आहेत, पहिली चिठ्ठी तुमचीच घेऊ. नमस्कार.